वेसण आणि बळ : टी पेशींना आवरणाऱ्या ग्राहींचा आढावा

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले हट्टा हे गाव ज्या पट्ट्यात येते, त्याची ओळख हळदीची. करोनाच्या काळात या हळदीला एक नवे विशेषण चिकटले: प्रतिकारशक्ती वाढवणारी. काढा, गोळ्या, हळदीचे दूध, सगळ्यांच्या वेष्टनावर तोच शब्द. त्यामागचे गृहीतक साधे आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे कणगीतले धान्य. जितके भराल तितके बरे. गंमत अशी की कर्क्युमिन या हळदीतल्या द्रव्याबद्दल प्रयोगशाळांतून सर्वांत जास्त सांगितले जाते ते दाह शमवण्याचे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा वाढवण्याचे नव्हे तर तिला शांत करण्याचे. आणि तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. पण प्रश्न एकट्या हळदीचा नाही. गेल्या तीन दशकांच्या संशोधनाने ती कणगीची कल्पनाच मोडीत काढली आहे. आपल्या टी पेशींच्या, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या लढवय्या पेशींच्या, अंगावर त्यांना चेतवणारे ग्राही आहेत तसे आवरणारेही आहेत, आणि हे आवरणारे नसतील तर माणूस अधिक निरोगी होत नाही, आजारी पडतो. आवर हा प्रतिकाराचा शत्रू नसून त्याचाच अर्धा भाग आहे, हे या लेखाचे म्हणणे. ते मान्य केले तर औषध निवडताना, त्याची मात्रा ठरवताना आणि धोका तोलताना विचारायचा प्रश्नही बदलतो.

टी पेशी जागी कशी होते, इथून सुरुवात करावी लागेल. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट प्रतिजनाला, म्हणजे परक्या जंतूच्या तुकड्याला, ओळखणारा ग्राही असतो. एखादा नवा विषाणू शरीरात शिरला तर त्याला ओळखू शकणारी टी पेशी लाखात एखादीच सापडते. म्हणून तिची वाढ हा लढाईचा गाभा आहे: चेतवलेली पेशी दिवसातून दोन-तीनदा दुभंगते आणि आठवडाभरात एकीच्या हजारो होतात. एवढी वाढ चुकीच्या कारणाने सुरू झाली तर ती शरीरालाच खाईल. त्यामुळे पेशीला चेतवायला एक खूण पुरत नाही, दोन लागतात. पहिली खूण प्रतिजनाची. दुसरी खूण प्रतिजन दाखवणाऱ्या पेशीवरच्या सीडी ८० आणि सीडी ८६ या रेणूंची. ती टी पेशीवरचा सीडी २८ हा ग्राही टिपतो. या दुसऱ्या खुणेत किती ताकद आहे ते मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये दिसले. सीडी २८ ला थेट चेतवणारे टीजीएन १४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना दिले गेले. माकडांना याच्या पाचशेपट मात्रा देऊनही काही झाले नव्हते. या सहाही जणांची प्रकृती काही तासांत ढासळली, एकामागून एक अवयव निकामी होऊ लागले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सहाही जण वाचले. प्रतिकारशक्ती ‘वाढवण्या’चा इतका थेट प्रयोग माणसावर क्वचितच झाला असेल, आणि त्याचे उत्तर इतके स्पष्टही क्वचितच मिळाले असेल.

आवरणाऱ्या ग्राहींतला पहिला महत्त्वाचा म्हणजे सीटीएलए-४. मार्सेयच्या पिअर गोल्स्टाईन यांच्या गटाने १९८७ मध्ये तो शोधला तेव्हा त्याचे काम ठाऊक नव्हते. सीडी २८ शी त्याचे साम्य पाहून काहींनी त्यालाही चेतवणारा मानले. जेफ्री ब्लूस्टोन आणि जेम्स ॲलिसन यांच्या गटांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात उलटे दाखवून दिले. १९९५ मध्ये या ग्राहीचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले, आणि ते जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्या हृदयात, फुफ्फुसांत, स्वादुपिंडात टी पेशी बेसुमार वाढून घुसल्या होत्या. कोणताही रोगजंतू नसताना केवळ वेसण नसल्यामुळे आलेला हा मृत्यू होता. सीटीएलए-४ काम कसा करतो, हेही विचार करण्याजोगे आहे. सीडी २८ ज्या रेणूंना धरतो त्यांनाच तो धरतो, पण कितीतरी घट्ट. त्यामुळे दुसरी खूण सीडी २८ पर्यंत पोहोचतच नाही. त्यापुढची गोष्ट डेव्हिड सॅन्सम यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवली: सीटीएलए-४ समोरच्या पेशीच्या अंगावरून ते रेणू अक्षरशः ओरबाडून आत ओढून घेतो आणि नष्ट करतो. म्हणजे तो स्वतःच्या पेशीला थांबवतोच, शिवाय शेजारच्या टी पेशींचाही शिधा तोडतो. हे काम सर्वाधिक करणाऱ्या पेशी म्हणजे नियामक टी पेशी, ज्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल दोन अमेरिकी संशोधकांसह मिळाले. साकागुचींच्याच गटाने २००८ मध्ये फक्त नियामक पेशींतून सीटीएलए-४ काढून टाकला, तरीही उंदरांना जीवघेणा आजार झाला.

दुसरा ग्राही पीडी-१. क्योतोच्या तासुकू होंजो यांच्या गटाने तो १९९२ मध्ये शोधला. याच्या अभावाने उंदीर तीन आठवड्यांत मरत नाहीत; जातीनुसार कुणाला महिन्यांनंतर ल्युपससारखा आजार होतो, कुणाचे हृदय निकामी होते. या फरकातच दोन्ही वेसणींची कामाची वाटणी दिसते. सीटीएलए-४ प्रामुख्याने लसिका ग्रंथीत, लढाईला निघण्याच्या वेळी काम करतो. पीडी-१ प्रामुख्याने ऊतींमध्ये, जिथे लढाई चालू आहे तिथे. त्याला चाप देणारा पीडी-एल१ हा रेणू दाह झालेल्या जागेतल्या पेशी स्वतःच्या अंगावर आणतात. टी पेशींनी सोडलेले गॅमा इंटरफेरॉनच त्यांना तसे करायला सांगते. म्हणजे हल्ला जितका जोरात, तितकी त्याला आवरण्याची तयारीही जोरात. पीडी-१ ला चाप बसला की त्याची पेशीच्या आतली शेपटी एसएचपी-२ या विकराला बोलावते आणि ते चेतवणाऱ्या रेणूंवरचे फॉस्फेट काढून घेते. पेशी वाढायची थांबते, पुढे शस्त्रेही खाली ठेवते. कर्करोगाच्या पेशी हीच चाल उचलतात: त्याही पीडी-एल१ मिरवतात आणि समोर आलेल्या टी पेशींना शांत करतात.

या दोघांखेरीज लॅग-३, टिम-३, टिजिट असे आणखी ग्राही आहेत. त्यांच्याकडे घाईने पाहणे पुरेसे आहे, कारण त्यांचा इतिहास अजून मिश्र आहे. लॅग-३ ला अडवणारे रेलॅटलिमॅब हे प्रतिपिंड २०२२ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमासाठी अमेरिकेत मंजूर झाले, तेही पीडी-१ रोधकाच्या जोडीनेच. टिजिटवर मोठ्या आशा होत्या. फुफ्फुसाच्या कर्करोगातल्या मोठ्या चाचणीत त्या फळल्या नाहीत. वेसण सापडली म्हणजे ती सोडल्याने फायदा होईलच असे नाही, एवढा धडा या यादीतून घेता येतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. हा सगळा पुरावा उंदरांचा. टीजीएन १४१२ च्या प्रकरणात प्राण्यांवरून माणसाचा अंदाज बांधणे किती महागात पडले ते आपणच सांगितले, मग इथे तोच अंदाज कसा मान्य करायचा? उत्तर माणसांच्याच आजारांनी दिले आहे. सीटीएलए-४ जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असलेली कुटुंबे २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी वर्णिली. त्यांच्या आतड्यांत, फुफ्फुसांत, मेंदूत टी पेशी घुसलेल्या होत्या, आणि जोडीला प्रतिपिंडांची कमतरता व वारंवार संसर्ग. काही घरांत हाच दोष असलेली माणसे धडधाकटही होती, म्हणजे माणसात एक वेसण तुटली तरी बाकीच्या काही काळ सांभाळून घेतात. त्याच वेळी उलटा पुरावाही हाताशी होता. सीटीएलए-४ चा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडून बनवलेले ॲबाटासेप्ट हे औषध २००५ पासून संधिवातात वापरले जाते. त्याचाच सुधारित भाऊ बेलाटासेप्ट मूत्रपिंड प्रत्यारोपणात शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिला जातो. वेसण काढली की आजार, बाहेरून घातली की आराम: दोन्ही दिशांनी आणि माणसातच ही गोष्ट सिद्ध झाली.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. पीडी-१ हा दीर्घ संसर्गात थकलेल्या टी पेशींवर भरपूर दिसतो; मग तो थकव्याचे कारण कशावरून, नुसती खूण कशावरून नाही? हैदराबादेत जन्मलेले आणि अटलांटाच्या एमरी विद्यापीठात काम करणारे रफी अहमद यांच्या गटाने २००६ मध्ये जुनाट विषाणुसंसर्ग असलेल्या उंदरांत पीडी-१ ची वाट अडवली, तेव्हा थकलेल्या पेशी पुन्हा वाढू लागल्या आणि विषाणू घटला. त्याच वर्षी एचआयव्ही बाधितांच्या टी पेशींवर पीडी-१ जितका जास्त, तितका रक्तातला विषाणूही जास्त, असे दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांत दिसले. तेव्हा तो नुसती खूण नाही हे खरे; पण तो निव्वळ अडसर आहे हा निष्कर्षही चुकीचा ठरला. मुळापासून पीडी-१ नसलेल्या टी पेशी दीर्घ संसर्गात ताज्या राहतात का, हे २०१५ मध्ये तपासले गेले. त्या उलट लवकर आणि अधिक खोल थकल्या. २०१६ मध्ये अहमद यांच्याच गटाने दाखवले की पीडी-१ अडवल्यावर जी वाढ होते ती पूर्ण थकलेल्या पेशींची नसते. मूलपेशींसारख्या राखीव ठेवलेल्या एका लहान गटाची असते. हा राखीव गट टिकतो तो वेसणीमुळे. भर उन्हात बैल सारखे पळवले तर दुपारपर्यंतच बसतात. सायंकाळी गाडी घरी आणायची असेल तर कासरा हातात लागतो. पेशीच्या पातळीवर नेमके हेच घडते.

हा मुद्दा मराठवाड्यासारख्या भागासाठी केवळ तात्त्विक नाही, कारण इथे क्षयरोग आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि त्याहून कितीतरी अधिक लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू आवरलेल्या अवस्थेत असतात. कणगीची कल्पना खरी मानली तर पीडी-१ नसलेले उंदीर क्षयाशी अधिक जोमाने लढायला हवेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्या शरीरात क्षयाला ओळखणाऱ्या टी पेशी खरोखरच खूप वाढल्या. पण ते उंदीर लवकर मेले, आणि त्यांच्या फुफ्फुसांत जंतूही अधिक होते. नासधूस करणाऱ्या त्या टी पेशीच होत्या. माणसातला पुरावा २०२१ मध्ये आला: पीडी-१ जन्मतःच नसलेल्या एका मुलाला स्वप्रतिकाराचे आजार होते आणि क्षयही झाला; क्षयावर उपचार झाले, पण वयाच्या अकराव्या वर्षी फुफ्फुसांवरच्या स्वप्रतिकाराने तो गेला. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर आहे. पण उंदीर, हे मूल आणि पीडी-१ रोधक औषध घेताना क्षय उफाळून आल्याच्या कर्करुग्णांच्या नोंदी, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. क्षयाच्या गाठीभोवतीचा वेढा टिकवायला बळ लागते तसा संयमही लागतो. म्हणून ज्या देशात क्षय सर्रास आहे तिथे पीडी-१ रोधक सुरू करण्याआधी छातीची तपासणी आणि क्षयाची चौकशी हे कागदावरचे सोपस्कार मानू नयेत.

आता कर्करोगाकडे. ॲलिसन यांनी १९९६ मध्ये सीटीएलए-४ अडवून उंदरांच्या गाठी विरघळवल्या. इपिलिमुमॅब हे औषध त्यातून २०११ मध्ये आले, आणि ॲलिसन व होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. मेलॅनोमावरच्या २०१० च्या चाचणीत इपिलिमुमॅब घेतलेल्या रुग्णांचा मध्यम आयुष्यकाल ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. पण १० ते १५ टक्के रुग्णांना प्रतिकारयंत्रणेचे गंभीर दुष्परिणाम झाले, कुणाचे आतडे सुजले, कुणाच्या अंतःस्रावी ग्रंथी. वेसण सैल केली की बैल फक्त आपल्या शेतात फिरत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न मेलॅनोमाचा नाही, तोंडाच्या कर्करोगाचा आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इथले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यातला मोठा भाग धूरविरहित, म्हणजे गालात ठेवण्याचा. गाठ परत आली किंवा पसरली की पीडी-१ रोधक हा मान्य उपचार आहे. पण अशा मान्य उपचारांपर्यंत गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले शंभरातले एक ते तीनच रुग्ण पोहोचतात, कारण किंमत.

या कोंडीत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने जे केले ते या आढाव्यातले सर्वांत महत्त्वाचे महाराष्ट्रीय पान आहे. विजय पाटील, वनिता नरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या प्रगत कर्करोगाचे १५१ रुग्ण चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले. दोन्ही गटांना तीन स्वस्त औषधांचा तोंडाने घ्यायचा उपचार: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. एका गटाला त्याशिवाय निव्होलुमॅब हे पीडी-१ रोधक, पण दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, म्हणजे तीन आठवड्यांच्या हिशेबात ३६०. त्याचा हा अठरावा हिस्सा. २०२३ मध्ये छापलेला निकाल असा: एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले, आणि मध्यम आयुष्यकाल ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर. गंभीर दुष्परिणाम नव्या गटात ४६.१ टक्के आणि जुन्या गटात ५० टक्के, म्हणजे वाढले नाहीत.

अठराव्या हिश्श्याने काम कसे भागते? औषध म्हणजे विष आणि विष जितके जास्त तितके जंतू वा गाठी मरतात, या जुन्या केमोथेरपीच्या हिशेबाने ते पटत नाही. ग्राहीच्या हिशेबाने पटते. निव्होलुमॅब गाठीला मारत नाही. ते टी पेशींवरच्या पीडी-१ ग्राहींना झाकते. ग्राही मोजके आहेत आणि झाकले गेले की वरचे औषध रिकामे फिरते. २०१० मध्ये छापलेल्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत किलोला ०.३ ते १० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या मात्रा दिल्या होत्या. रक्तातल्या टी पेशींवर ७० टक्क्यांहून अधिक ग्राही झाकलेले राहिले, ते दोन महिन्यांहून अधिक काळ, आणि मात्रा बदलल्याने त्यात फरक पडला नाही. साठ किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १८ मिलिग्रॅम लागतात. टाटाचे २० मिलिग्रॅम त्याच्या शेजारीच बसतात.

यावरचे आक्षेप झाकून ठेवणे बरे नव्हे. पहिला: तुलनेच्या गटाला निव्होलुमॅब मुळीच नव्हते, त्यामुळे थोडी मात्रा काहीच नसण्यापेक्षा चांगली एवढेच सिद्ध झाले, पूर्ण मात्रेइतकी चांगली हे नाही. बरोबर आहे, आणि वेगळ्या रुग्णांवर झालेल्या परदेशी चाचण्यांतल्या आकड्यांशी तुलना करून ती उणीव भरून काढता येत नाही. दुसरा: रक्तातल्या पेशींचे ग्राही झाकले म्हणजे गाठीत खोलवरच्या पेशींचेही झाकले असे नाही. हेही बरोबर. तिसरा: एकाच संस्थेतली, दीडशे रुग्णांची चाचणी. या तिन्हींचे एकत्रित उत्तर असे की ज्याला पूर्ण मात्रा परवडते त्याची मात्रा या चाचणीच्या आधारे कमी करणे घाईचे होईल. पण ज्याच्यापुढे पर्याय अठरावा हिस्सा किंवा काहीच नाही असा आहे, त्याच्यासाठी उत्तर मिळालेले आहे. हट्ट्याहून मुंबई पाचशे किलोमीटरांहून दूर. गावातून निघणाऱ्या शेतमजुराच्या घरापुढे उभी राहते ती ही दुसरीच परिस्थिती.

या सगळ्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. माणसाची टी पेशी वाढते ती चेतना आणि आवर यांच्या ओढाताणीत; या दोन्ही दोऱ्या एकाच यंत्रणेच्या हातात आहेत. कर्करोगात एक दोरी मोजून सैल करायची, संधिवातात तीच घट्ट करायची, क्षय असेल तर सैल करण्याआधी थांबून पाहायचे. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ या वाक्याला यातल्या कोणत्याही रुग्णापुढे अर्थ उरत नाही; संधिवाताच्या रुग्णाची तर ती आधीच नको तितकी वाढलेली असते. उरलेले काम मोजमापाचे आहे: कमी आणि पूर्ण मात्रा समोरासमोर ठेवून, गाठीतल्या पेशींवरचे ग्राही प्रत्यक्ष तपासून, आणि क्षय सर्रास असलेल्या लोकसंख्येतच. कमी औषध खपावे म्हणून कोणतीही औषध कंपनी हा खर्च उचलणार नाही. तो सार्वजनिक रुग्णालयांनी आणि सरकारी निधीनेच उचलायला हवा. टाटाच्या १५१ रुग्णांनी त्या कामाची सुरुवात करून दिली आहे.